पूजेतला रिंग पाना

उद्यमनगरात कृष्णात मिस्त्रीचं गॅरेज कुठं म्हणून विचारलं, तर जुनी माणसं हातानं दिशा दाखवायच्या आधी तोंडानं शिट्टी वाजवतात. शिट्टी कृष्णातची नव्हे, त्याच्या गाडीची. ती गाडी रस्त्यावर धावली जेमतेम दीड वर्ष, आणि त्यातलाही बराच प्रवास तिनं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागं दोराला बांधून केला. पण कोल्हापूरला एखादी गोष्ट आवडली की ती किती दिवस टिकली, हे कोणी बघत बसत नाही.

कृष्णात मूळचा कोडोलीचा. घरी ऊस, दोन म्हशी आणि गुऱ्हाळ. त्रेसष्ट साली ऐन हंगामात गुऱ्हाळाचं ऑईल इंजिन रुसलं, तेव्हा ते बघायला कोल्हापूरहून दत्तोपंत आले. काळी टोपी, विटका कोट, हातात पत्र्याची पेटी. पंतांच्या घराण्यात सगळे मास्तर नाहीतर कारकून. हात काळे करणारा हा एकटाच निपजला म्हणून नातेवाईक त्यांना लग्नकार्यात जरा कडेच्या पाटावर बसवत. पंतांना त्याचं काही नव्हतं. त्यांना कडेला बसून पंगतीतल्या भांड्यांचे आवाज ऐकायला आवडायचं.

त्या दिवशीही त्यांनी इंजिन खोललं नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मागं उसाच्या मोळीवर बसलेला वीस वर्षांचा कृष्णात कंटाळून म्हणाला की टॅपेट ढिला हाय, त्यात ऐकायचं काय एवढं. पंतांनी डोळे उघडले. यानं स्क्रूड्रायव्हर न लावता, दहा पावलांवरून ऐकलं होतं. काम संपल्यावर त्यांनी कृष्णातच्या वडिलांकडं दुसरं काही मागितलं नाही, पोरगा मागितला. वडील म्हणाले, न्हाय तरी शेतात त्याचं ध्यान कुठं असतंय, घेऊन जावा.

तेव्हाचं उद्यमनगर काही औरच होतं. एका शेडमध्ये भट्टी, शेजारच्या शेडमध्ये लेथ, पलीकडं बोअरिंग. पुण्या-मुंबईला जो पार्ट मिळायला महिना लागायचा तो इथं दोन दिवसांत ओतून, घासून, तेल लावून हातात मिळायचा. कागदावरचं चित्र कोणी मागत नसे. मोडका तुकडा टेबलावर ठेवायचा, चहा प्यायचा, परवा यायचं. सोमवारी सुट्टी पडली की सगळा भाग असा चिडीचूप व्हायचा की रस्त्यानं चालणाऱ्याला स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटायचा.

पंतांच्या गॅरेजात नियम थोडे होते, पण त्यातला एक लोखंडी होता. खंडेनवमीला पाने, पकडी, हातोडे सगळं रॉकेलनं धुऊन पांढऱ्या धोतरावर मांडायचं. हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटेपर्यंत त्यातलं एकही हत्यार उचलायचं नाही. सगळं उद्यमनगर हे पाळायचं, पण पंत जरा जास्तच पाळायचे. सदुसष्ट साली कृष्णातनं नवमीला दुपारी एका ओळखीच्या माणसाचा प्लग काढून द्यायला पूजेतला पाना उचलला होता. पंत त्याच्याशी तीन दिवस एक शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कृष्णात बायकोला, बाळाबाईला, पुढं किती वेळा तरी सांगायचा.

आता गाडीचं. ब्याऐंशी साली धरणाच्या कामावरचं माती ओढणारं एक अवाढव्य मशीन भंगारात निघालं आणि त्याच्या छोट्या जनरेटरचं इंजिन तुकड्या-तुकड्यांनी पंतांच्या दारात आलं. त्यात एक गोगलगायीसारखा बिडाचा गोळा होता. कृष्णातनं तो हातात घेऊन फुंकला, तर आतलं चाक गरगर फिरलं आणि बारीक सूर निघाला. पंतांनी समजावलं की हा टर्बो. इंजिन जो धूर बाहेर टाकतं त्याच्याच जोरावर हे चाक फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. सांगता सांगता पंतांना धाप लागली. तीस-पस्तीस वर्षं भट्ट्यांचा धूर खाऊन त्यांची छाती कामातून गेली होती. दम घेऊन ते हसले आणि म्हणाले, असलं एखादं मलाही बसवायला हवं.

झालं. त्या दिवसापासून कृष्णातच्या डोक्यात गोगलगाय शिरली. त्यानं एक मोडीत निघालेली दुधी रंगाची अँबॅसिडर पैदा केली, आणि ज्या पेट्रोल इंजिनाला जन्मात कोणी असलं काही लावलं नव्हतं, त्याला ती गोगलगाय जोडली. हेड घासलं, कॅमशाफ्ट घासून नव्या आकाराचा केला, कार्बोरेटर मोठा बसवला. पंत शेजारी स्टुलावर बसून चुका काढायचे. कृष्णात त्या निमूटपणे दुरुस्त करायचा आणि नव्या चुका करायचा.

पहिल्यांदा गाडी नीट पळाली तेव्हा रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं थबकून बघत राहिली. सुरुवातीला काहीच व्हायचं नाही, नेहमीची अँबॅसिडर. मग बारीक शिट्टी सुरू व्हायची, चढत जायची, आणि पाठ सीटला चिकटायची. दोन बुलेटवाले आणि बिद्रीकडचा एक जीपवाला बागाईतदार तिच्याशी पैजा हरले. दर महिन्या-दोन महिन्याला तिच्या इंजिनाच्या हेडखालचा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट उडायचं. कृष्णात तांब्याचा पत्रा कापून नवं बनवायचा. लोक हसायचे आणि पुन्हा बघायलाही यायचे.

फक्त पंत तिच्यात बसले नव्हते. गाडी पुरी होईतो त्यांचा दमा इतका वाढला की डॉक्टरांनी उद्यमनगरात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. पुण्याला कॉलेजात शिकवणारी त्यांची मुलगी कालिंदी त्यांना कायमचं न्यायला येणार होती. चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याची दुपारची एस.टी. ठरली, सीमोल्लंघनाचा दिवस, मुहूर्त बघायला नको. गॅरेज त्यांनी आधीच कृष्णातच्या हवाली केलं होतं. कृष्णातनं एकच मागणं केलं: दसऱ्याला सकाळी जोतिबाच्या पायथ्यापर्यंत एक फेरी, पंतांनी शेजारी बसून शिट्टी ऐकायची. ज्या माणसानं ऐकायला शिकवलं, त्यानं ती गाडी न ऐकताच कोल्हापूर सोडायचं, हे कृष्णातला सोसणारं नव्हतं.

अष्टमीला गॅस्केट पुन्हा उडालं. सवयीचंच होतं. दिवसभर बसून कृष्णातनं नवं घातलं, हेड बसवलं, नट आवळले, इंजिन तापेपर्यंत चालवलं आणि थंड व्हायला सोडून घरी गेला. आता एवढंच राहिलं होतं की तापून गार झालेल्या हेडचे नट सकाळी पुन्हा एकदा आवळायचे. ते करावंच लागतं. तापलं की गॅस्केट दबतं आणि पहिला आवळ सैल पडतो. हे त्याला पंतांनीच शिकवलेलं.

नवमीला तो सकाळी सात वाजता गॅरेजात पोचला, तर पूजा उरकलेली. ही आपली इथली शेवटची खंडेनवमी म्हणून पंत डॉक्टरांना न जुमानता पहाटेच आले होते आणि सगळी हत्यारं स्वतः धुऊन, मांडून, हात जोडून बसले होते. धोतराच्या मधोमध हेडच्या नटांचा रिंग पाना, त्यावर झेंडूचं सगळ्यात मोठं फूल. शेजारी मागावा, तर शेजारच्यांची हत्यारंही पूजेतच. आणि पंतांना सांगावं, तर ते नक्की म्हणणार, मग राहू दे, बाबा, नको ती फेरी.

दसऱ्याला उजाडायच्या सुमारास तो एकटा गॅरेजात आला. पूजेसमोर बसला. हात पुढं नेला, बोटाला कुंकू लागलं, आणि सदुसष्ट सालचे ते तीन दिवस आठवले. त्यानं हात मागं घेतला. हळू चालवतो की, त्यानं मनाची समजूत घातली. एवढ्याशा फेरीला काय होतंय.

साडेआठला पंत आले. कोट, टोपी, पायात नव्या वहाणा. गाडीत बसण्याआधी म्हणाले, आत जाऊन पाया पडून येतो. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते आणि उजवा हात कोटाच्या खिशात. कृष्णातनं दार उघडून दिलं, इंजिन सुरू केलं. पंचगंगेचा पूल ओलांडला. वडणगे फाटा गेला. दोन्ही बाजूला ऊस, दारादारांत तोरणं. कृष्णात गाडी अशी चालवत होता की बैलगाडीनं मागं टाकावी.

पंतांनी त्याच्या पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "अरे, ही काय वरात आहे? दाब की जरा."

कृष्णातनं दाबलं. केर्लीच्या अलीकडं रस्ता सरळ आणि मोकळा होता. शिट्टी सुरू झाली, चढली, आणि त्यानं तिरक्या नजरेनं बघितलं तर पंतांनी डोळे मिटले होते. तोंड थोडं उघडं, मान किंचित कलती. कोडोलीच्या गुऱ्हाळात उभे होते तसेच. एवढा आनंद कृष्णातला ना लग्नात झाला होता ना मुलाच्या बारशात. त्यानं पाय आणखी दाबला.

"सोड," पंत डोळे न उघडता म्हणाले. "कृष्णा, सोड. तिसरा गेला."

कृष्णातला शिट्टीपुढं दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. त्यानं पाय उचलेपर्यंत मागं पांढऱ्या धुराचा लोट उठला, बॉनेटखाली घण बसावा तसा एक आवाज झाला, आणि गाडी तेलाची काळी रेघ ओढत रस्त्याकडंला जाऊन थांबली. बॉनेट उघडायची गरजच नव्हती, तरी त्यानं उघडलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केट फुटून पाणी आत गेलं होतं आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. दोन-अडीच वर्षांचं काम. आता ते इंजिन वजनावर विकण्यापलीकडं कशाच्या कामाचं नव्हतं.

पंत खाली उतरले. वाकून बघितलं. राग नाही, काही नाही. फक्त विचारलं की नट दुसऱ्यांदा आवळले होते का.

कृष्णात मैलाच्या दगडावर बसला होता. "न्हाय," तो म्हणाला. "पाना पूजंत हुता. म्या सकाळी हात लावला, पर उचलवंना. तुमी तीन दिस बोलला नव्हता, पंत. आज तर तुमी जानारच हाय. न बोलता गेला असता तर?"

पंतांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला. हातात रुमाल होता, आणि रुमालात हेडच्या नटांचा तो रिंग पाना. हळदकुंकू तसंच, झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

"शेहेचाळीस साली घेतलेला," ते म्हणाले. "माझा पहिला. पुण्याला काहीतरी न्यावं वाटलं. सोनं लुटायच्या वेळेला मी इथं नसणार, म्हणून आत्ताच उचलला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला, रे. आणि तुझ्यापासून लपवला."

म्हणजे पूल ओलांडला तेव्हा पाना गाडीतच होता. वडणगे फाट्यालाही होता. एका शब्दाचं काम होतं.

पंतांनी पाना एका नटावर चढवला आणि मनगटानं हलकंच फिरवलं. नट पाव फेरा निमूट फिरला. दुसराही फिरला. ते एकेक करत सगळे नट आवळत गेले, कृष्णातला शिकवलेल्याच क्रमानं, मधून कडेकडे, त्या मेलेल्या इंजिनावर. आणि कृष्णात त्यांच्या शेजारी उभा राहून रडला. चाळिशीचा बाप्या, भर रस्त्यात, जोतिबाला जाणाऱ्या माणसांदेखत.

"मागितला असतास तर दिला असता," शेवटचा नट झाल्यावर पंत म्हणाले. "हत्यारांना एक दिवस विसावा मिळावा म्हणून तो नियम. तुला माझी भीती वाटावी म्हणून नव्हता."

मग धाप आवरून ते म्हणाले की सूर मात्र झकास होता.

जोतिबाहून परतणाऱ्या एका टेम्पोनं त्यांना गावात आणलं. कालिंदी स्टँडवर सामान घेऊन उभी होती, काळजीनं चिडलेली. वडिलांच्या कोटावरचे तेलाचे डाग बघून ती आणखी काही बोलणार होती, पण त्यांचा चेहरा बघून थांबली. एस.टी. हलायच्या आधी पंतांनी खिडकीतून पाना पुढं केला. कृष्णातनं तो त्यांच्या मुठीत परत दाबला आणि सांगितलं की तुमचा हाय, न्या. पंत त्यानंतर तीन वर्षं होते. कोल्हापूरला पुन्हा आले नाहीत. सत्याऐंशी साली कालिंदीनं टपालानं एक जड पाकीट पाठवलं, त्यात तो पाना होता.

कृष्णातच्या गॅरेजात खंडेनवमी अजून तशीच होते. धोतर, झेंडू, नारळ, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कोणी कशाला हात लावत नाही. फक्त एक रिंग पाना तो पूजेत मांडत नाही. धुतो, पुसतो आणि दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवतो. त्या दोन दिवसांत आजूबाजूच्या शेडमधल्या कोणाचं काही अडलं, तर त्यानं तो पाना न विचारता खुशाल घेऊन जायचा, काम झालं की परत लावायचा.