दोह्यातलं प्रीतिभोजन

विमान खाली येऊ लागलं, खिडकीतून आधी हिरवट निळा समुद्र आणि मग पिवळी, सपाट, झाडाविना पसरलेली जमीन दिसली, तेव्हा माझ्या मांडीवर वही उघडी होती आणि वहीत रोमन साम्राज्य होतं. नगरच्या कॉलेजात तीस वर्षं मी रोमचा इतिहास शिकवला. रोम काही पाहायला मिळालं नाही. निवृत्त झाल्यावर मुलाने बोलावलं ते दोह्याला.

"आई, इथे आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा गट आहे," नितीन फोनवर म्हणाला होता. "दर शुक्रवारी आपल्याकडे प्रीतिभोजन असतं. जेवणानंतर तू पहिल्या ख्रिस्ती लोकांबद्दल काहीतरी सांग." माझ्या घरात आजवर मला कोणी 'काहीतरी सांग' म्हटलेलं नव्हतं. 'पुरे आता' मात्र पुष्कळदा म्हटलेलं. त्यामुळे मी दोनशे पानी वही भरून घेतली.

विमानतळावर माझ्या घरच्या काळ्या मसाल्याच्या डब्याने घोळ केला. कितीही पिशव्या गुंडाळल्या तरी तो वास लपणार थोडाच! तपासणीवरच्या तरुण अधिकाऱ्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि सटासट तीन शिंका दिल्या. मी घाबरून "मटण, मटण मसाला" एवढंच म्हणत राहिले. तो डोळे पुसत हसला आणि "यल्ला (चला, निघा), मामा" म्हणाला. इथे आईच्या वयाच्या बाईला 'मामा' म्हणतात, हे नितीनने गाडीत सांगितल्यावर माझा राग गेला.

नितीनचं घर अल हिलाल भागात आहे. एका मोठ्या बंगल्याचे तीन भाग करून तीन कुटुंबांना भाड्याने दिलेत, त्यातला पुढचा भाग याचा. फाटकातून शिरलं की डाव्या हाताला मजलिस (पाहुण्यांच्या बैठकीची स्वतंत्र खोली), मग छोटं अंगण, मग खरं घर. सूनबाई शीलाने सगळं हौसेने दाखवलं आणि मी मात्र फाटकाशीच उभी राहिले. रोमन श्रीमंताचं घर मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल, ते जवळपास असंच. आत जेवणाची खोली, तिथे तिन्ही बाजूंनी मांडलेल्या पलंगांवर यजमानाचे आठ-नऊ जवळचे लोक लोळत जेवायचे. बाकीचे बाहेर चौकात. आतल्यांना चांगली दारू आणि चांगलं मांस, बाहेरच्यांना उरलंसुरलं. यात कोणाला काही वावगंही वाटत नसे. पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे देवळं नव्हती. ते अशाच एखाद्या बऱ्या घरच्या माणसाकडे जमत, एकत्र जेवत आणि प्रार्थना करत. मालक आणि गुलाम, व्यापारी आणि हमाल एकाच घरात. तेव्हाच्या जगात ही भलतीच गोष्ट होती.

"आजी, इज धिस हिस्ट्री?" नात रियाने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी म्हटलं, "नाही गं, तुझं घर आहे."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शहर पाहायला निघाले. मेट्रो इतकी स्वच्छ की बसायलाही संकोच वाटावा. मुशैरिबला उतरले. जुना भाग पाडून नवा बांधलेला, गल्ल्या मुद्दाम अरुंद आणि सावलीच्या. एका कोपऱ्यावर करक (खूप उकळलेला, वेलची घातलेला दुधाचा चहा) घेऊन उभी राहिले आणि माणसं बघत राहिले. नेपाळी, मल्याळी, फिलिपिनो, मिसरी, बंगाली, आणि अधूनमधून शुभ्र झग्यातला एखादा कतारी. ग्रीसमधलं करिंथ हे बंदराचं शहर असंच असणार, असं मनात आलं. रोमनांनी ते नव्याने वसवलं, तेव्हा तिथे पाठवलेल्यांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ होते. मागाहून चारी दिशांनी लोक आले. सगळेच परके, त्यामुळे कोणीच फार परका नाही.

तिथून अल मन्सूराला गेले, ज्वारीचं पीठ हवं होतं म्हणून. शुक्रवारचं मटण मी करणार असं जाहीर केलं होतं आणि भाकरीशिवाय मटण मी कोणाला वाढत नाही. किराणा दुकानाचे मालक रत्नागिरीकडचे एक वयस्कर चाचा निघाले. "नगरच्या तुम्ही? मग आमचं तांदळाचं पीठ कशाला न्याल! न्या, तुमची ज्वारीच न्या," असं म्हणत त्यांनी पाच किलो बांधून दिलं. पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पार हरवले. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या इमारतींना तीच धुळकट खिडक्यांची रांग, डोक्यावर ऊन. शेवटी एका पायरीवर बसून मी मोठ्याने म्हटलं, "मेलं हे स्टेशन गेलं कुठं!"

"मावशी, नगरच्या का?"

निळ्या कामाच्या कपड्यातला, तिशी-पस्तिशीचा माणूस समोर उभा होता. नाव प्रकाश, गाव शेवगाव तालुक्यातलं, इथे इलेक्ट्रिशियन. कंपनीच्या कामासाठी सामान घ्यायला आला होता. त्याने माझी पिशवी उचलली, आणि स्टेशनपर्यंतच्या दहा मिनिटांत मी त्याची जन्मकुंडली काढली. बायको गावी, दोन मुली, थोरलीला संडे स्कूलचं बक्षीस मिळालेलं.

"म्हणजे तू आपल्यातलाच! मग शुक्रवारी नितीनकडे येत नाहीस?"

"साहेबांच्या आई का तुमी?" तो जरा थबकला. "येत हुतो आधी. आता नाय येत."

"का रे?"

"सुट्टीचं जमत नाय, मावशी."

तो खोटं बोलतोय हे कळायला तीस वर्षं वर्ग घेतलेले असावे लागत नाहीत. मी खोदत राहिले. अखेर म्हणाला, "आमची कॅम्पाची (कंपनीने कामगारांना दिलेली वस्ती) बस जुम्म्याच्या नमाजानंतर सुटती. पोचस्तवर समद्यांची जेवणं झालेली असत्यात. मग पुढच्या खोलीत आमाला वेगळं वाढत्यात. कुणी वाईट वागत नाय, बरं का. पण गावाकडं बी बाहेरच बसायचं आन हितं बी?"

मला फार वाईट वाटलं. मी तिथेच, स्टेशनच्या दारात, त्याला शब्द दिला. "या शुक्रवारी ये. मटण माझ्या हातचं, आणि तुझं ताट माझ्या ताटाशेजारी. मी म्हणतेय ना!"

"बगतो. इन्शाल्ला," तो म्हणाला. मग जाता जाता वळून, "भाकरी आसंल ना?"

शुक्रवारी सकाळी आम्ही उपासनेला गेलो. शहराच्या कडेला एकाच आवारात सगळ्या पंथांची चर्चेस आहेत. एका दालनात मल्याळी लोकांची उपासना संपते न संपते तोच तमिळ लोक दाराशी उभे. त्यांच्यानंतर आमची मराठीची वेळ. परत आलो तर साडेबारा. मी पहाटेपासून खपून केलेला रस्सा गॅसवर होता. सात-आठ कुटुंबं आपापल्या गाड्यांतून आली आणि काळ्या मसाल्याच्या वासाने सगळ्यांचे चेहरे उजळले. पोरं भुकेने किरकिरत होती. शीला म्हणाली, "आई, मुलांना वाढून घेऊ." मुलांना वाढलं. मग मुलांबरोबर आयांना. मग पुरुष कशाला थांबतील?

मी नितीनला विचारलं, "ती मंडळी आली का?"

"येतील. त्यांचं काढून ठेवलंय. तू बस ना, सकाळपासून उभी आहेस."

मी बसले. कोणीतरी "नगरचं मटण म्हणजे नगरचं मटण" म्हणत माझ्या ताटात नळी वाढली. मी ती चोखून खाल्ली. चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू? दुसरी वाढली, तीही खाल्ली.

पावणेदोनला फाटक वाजलं. प्रकाश आणि आणखी चौघे, केस पाणी लावून बसवलेले, इस्त्रीचे शर्ट. नितीनने अगदी प्रेमाने त्यांना मजलिसमध्ये बसवलं. मी स्वयंपाकघरात धावले. काढून ठेवलेल्या भांड्यातलं मटण आयत्या वेळी आलेल्या दोन कुटुंबांना वाढलं गेलं होतं. तळाशी रस्सा, थोडा भात आणि तीन भाकऱ्या. पाच माणसांना तीन भाकऱ्या! शीलाचा चेहरा रडवेला झाला. मी मजलिसच्या दारात जाऊन उभी राहिले.

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन म्हणाला, "मावशी, आमी खाऊन आलोय. कॅम्पात आज लवकर मेस उघडली. तुमी त्रास नका घेऊ." बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. मग प्रकाश जगमधून ओतून एकापाठोपाठ तीन ग्लास पाणी प्यायला.

दोन वाजता सगळे दिवाणखान्यात जमले, ते पाचजण दाराशी. मी वही उघडली आणि सुरुवात केली. करिंथचं ते घर, आतली खोली, बाहेरचा चौक. मंडळी रंगून ऐकत होती. मग ते पान आलं. मी वाचू लागले की तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या भोजनाबद्दल तक्रार झाली होती. ज्यांना सवड होती ते लवकर येऊन जेवून घेत आणि कामकरी लोक येईपर्यंत काही उरत नसे. एका प्रेषिताने त्यांना पत्र लिहून चांगले कान उपटले. हे वाचताना माझ्या नखात अडकलेला रस्सा मला दिसला.

दरवर्षी हे पान शिकवताना मी त्या करिंथकरांना खादाड म्हणत आले. मुलं हसायची. ते लोक उशिरा का येत, हे मी कधी नीट विचारलंच नव्हतं. गुलाम आणि पगारी कामगार एक नव्हेत, हे मला कळतं. पण आपला दिवस आपल्या हातात नसणं दोघांनाही माहीत आहे. त्यांची बस दुसरा कोणीतरी सोडत होता.

मी वही मिटली. "हे मी आज केलं," असं म्हटलं. "या घरात, दीड तासापूर्वी. प्रकाशला मी शब्द दिला होता आणि नळी मी खाल्ली." मग रडूच आलं. नितीन खाली बघत राहिला. पाचही जण अवघडून गेले, आणि "अहो मावशी, आसू द्या की" म्हणत प्रकाशच मला समजावू लागला.

संध्याकाळी शीला म्हणाली, "आई, मी मुद्दाम केलं का हो? मुलं भुकेली होती." नव्हतंच केलं तिने मुद्दाम. मी तिची माफी मागितली. चारचौघांत मी माझा कबुलीजबाब दिला खरा, पण त्यात तिची पाहुण्यांसमोर शोभा झाली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने रात्रीच गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं की पुढच्या शुक्रवारी सगळे आल्याशिवाय भांडं उघडणार नाही. काहींनी अंगठे पाठवले, काहींनी काहीच नाही.

पुढच्या शुक्रवारी दुप्पट मटण आणि चाळीस भाकऱ्या. मजलिसमधली गादी-लोड आत आणून सगळ्यांची बैठक दिवाणखान्यात एकत्र मांडली. दोन वाजले, बस नाही. सव्वादोन. पोरांना केळी दिली, ती संपली. "आजी, आय ॲम स्टार्व्हिंग," रिया म्हणाली. एक गृहस्थ घड्याळ बघत पुटपुटले, "येणार तरी आहेत का?" मलाही तेच वाटत होतं. गेल्या वेळेनंतर प्रकाश कशाला येईल?

पावणेतीनला फाटक वाजलं. पाचजण अंगणातून सवयीने मजलिसकडे वळले, तिथे काही नव्हतं, म्हणून आत आले आणि दारातच थांबले. पंचवीसेक माणसं कोऱ्या ताटांसमोर बसलेली, पोरांचे चेहरे उतरलेले, भांड्यांवर झाकणं. प्रकाशने साथीदारांकडे पाहिलं.

मग तो माझ्या शेजारी येऊन बसला. "मावशी, वाढा. लई भूक लागलीय."

काय जेवला तो! तीन भाकऱ्या, दोनदा रस्सा. नळी मी त्याच्या ताटात वाढली तेव्हा त्याने ती रियाला दिली. शीला वाढता वाढता हसत होती. त्या दिवशी मी काहीच व्याख्यान दिलं नाही आणि कोणी मागितलंही नाही.

निघायच्या दिवशी विमानतळावर प्रकाशचा फोन आला. नगरला त्याच्या मुलींसाठी पाठवलेली खाऊची पिशवी नीट घेतली का, हे विचारायला. मी सहज म्हटलं, "त्या दिवशी पोटभर झालं ना रे?"

तो हसायला लागला. "आता सांगतो मावशी, रागवू नका. त्या शुक्रवारी आमी मेसमधनं जेवूनच निघालो हुतो. म्हटलं, परत तुमाला वाईट वाटायला नको. दारात आलो तर समदी उपाशी बसल्याली. आता खाऊन आलोय आसं कोणच्या तोंडानं सांगायचं?"

परतीच्या विमानात मी वही काढली, पण लिहिलं काहीच नाही. खाली समुद्र गेला, मग ढग आले. पहिल्या शुक्रवारी तो उपाशी होता आणि जेवून आलो म्हणाला. दुसऱ्या शुक्रवारी जेवून आला होता आणि भूक लागलीय म्हणाला. त्या पत्रातून कान उपटून घ्यायची वेळ आली ती आमच्यावर. आणि दोन्ही शुक्रवारी आमची लाज राखली ती त्या माणसाने, ज्याला आम्ही जेवायला बोलावलं होतं.