पोचल्याचा फोन
करपलेल्या कॉफीचा वास आला की इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलची इटालियन घरमालकीण आठवते. २००४च्या हिवाळ्यात मी तिच्याकडे एक खोली घेऊन राहत होते. ऑफिसातून आले की ती किचनमधूनच ओरडायची, “अरिवाता?” म्हणजे, पोचलीस? एकदा कॉफी ओतताना म्हणाली, “हे क्रियापद नावाड्यांचं. जुन्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, नाव काठाला लागणं.” मी म्हटलं, “आमच्यात पोचलं की घरी फोन करतात.” “मग तू केलास?” तिनं विचारलं. केला होता, हीथ्रोवरून, सवयीनं. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. पुण्याच्या कुलूपबंद घरात फोन वाजत राहिला आणि मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी. आताही रिकाम्या फ्लॅटचं दार लोटताना मी मोठ्यानं म्हणते, “पोचले गं.”