माहेरच्या गाडीचा डॅशबोर्ड

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं म्हणालात की दिवाळीत आल्यावर गॅरेजमधल्या जुन्या गाडीला नवाकोरा डॅशबोर्ड करवून घ्यायचा. आहे तो फार विद्रूप दिसतो. विद्रूप दिसतो, हे खरंच आहे. पण सुताराला बोलावण्याआधी तो तसा का झाला हे तुम्हांला ठाऊक असावं, म्हणून आज सकाळची कामं आटोपून ही तुमची आजी लिहायला बसली आहे.

ती विलायती गाडी माझ्या वडिलांची. त्यांच्या शेजारी बसून सिव्हिल लाइन्सच्या रिकाम्या रस्त्यांवर मी ती चालवायला शिकले. डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचा होता आणि वडील तो स्वतः मऊ फडक्याने पुसत, ड्रायव्हरला हात लावू देत नसत. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, कारण भावांपैकी कुणालाच ती नको होती. ती पुन्हा चालावी आणि आत बसल्यावर समोर तेच लाकूड दिसावं, एवढीच माझी इच्छा होती.

हे १९८०च्या आसपासचं. कामठी रोडवरचे एक मिस्त्री घरी येऊन काम करायचे. त्यांनी डॅशबोर्ड उतरवला तेव्हा मागे उंदरांचं बिऱ्हाड निघालं. कुरतडलेल्या वायरी, सीटमधला कापूस, लेंड्या आणि मधोमध वाळून चपटा झालेला एक उंदीर. मुताचा वास साडी धुतली तरी जाईना. मिस्त्रींना त्याचं काहीच नव्हतं. एका हाताने ती घाण ओढायची, त्याच हाताने पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा आणि माझ्या शेवंतीच्या कुंडीत थुंकायचं. मी कुंडीवरून बोलले, तर ते शेजारच्या जास्वंदीत थुंकू लागले.

तेही मी सोसलं, कारण काम पुढे सरकत होतं. मग तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान उमरेडहून आले. ते घरचे जावई, आणि माझ्या सासरी जवाईबापूंना नाही म्हणायची पद्धतच नव्हती. ते जेवून ताटातच चूळ भरत आणि ते ताट उचलायची पाळी माझी असे; कुणी नजर वर करत नसे. त्यांनी भिंतीशी टेकवलेला डॅशबोर्ड पाहिला, जुनं लाकूड वाळवीला आमंत्रण असतं असं सांगितलं आणि मी कॉलेजात शिकवत असताना तो बसच्या टपावर टाकून घेऊन गेले. घरात चार माणसं होती. एकानेही अडवलं नाही.

परत आला तो ओळखू येईना. अक्रोडावर त्यांनी सनमायका चिकटवली होती, शेवाळी रंगावर पांढरी फुलं असलेली, त्यांच्या जेवणाच्या टेबलाचा उरलेला तुकडा. चिकटवायला सुताराने सरस वापरला होता. उकळलेल्या कातड्याचा तो दर्प पडवीभर पसरला. मधोमध भोक पाडून पितळेचं उदबत्तीचं घर बसवलं होतं. मी काही बोलण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापूनं एवढ्या हौसेनं केलं, आन् तू काहून तोंड वाकडं करून राहिली वं?"

बसवायच्या दिवशी जवाईबापू आणि नणंद धरून सगळे अंगणात जमले. सनमायकेने जाडी वाढली होती आणि भोकं अंदाजाने कापलेली, त्यामुळे स्पीडोमीटर तिरका बसे, बाकीचे काटे बसतच नसत. जवाईबापू खुर्चीवर बसून काडीने दात कोरत होते. "ठोक ना गा, बसते," ते मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींनी हातोडा उचलला.

मी मधे उभी राहिले आणि तुमच्या आजोबांना म्हटलं, "गाडी माझ्या माहेरची आहे. त्या घरचे जावई तुम्ही. मग इथे जावयाचा शब्द तुमचा. सांगा, ही सनमायका ठेवायची की काढायची?"

काडी थांबली. नियम सासूबाईंचाच होता. तुमच्या आजोबांनी आईकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी जेवून घेऊ."

तुम्हांला आजोबा मऊ स्वभावाचे म्हणून आवडत. त्या दिवशी मला त्या मऊपणाची शिसारी आली, चपट्या उंदराहून जास्त.

सगळे आत गेले. वाढायला मी गेले नाही. मिस्त्रींना म्हटलं, काढा. ते म्हणाले, "जवाईबापू चिडतीन ना बाई." मी सांगितलं की चिडले तर माझ्यावर चिडतील. त्यांनी तोंडातला खर्रा थुंकला, जास्वंदीतच, आणि कामाला लागले. गरम पाण्यात भिजवलेली फडकी ठेवून सरस सैल केला आणि सनमायका ओढली. पण अक्रोडाचा वरचा पातळ पापुद्राही मुळात सरसानेच चिकटवलेला असतो, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज झाला आणि उजव्या बाजूचं अक्रोड सनमायकेसोबत निघून आलं. डावीकडचं आम्ही पातळ सुरीने हळूहळू सोडवलं. मग डॅशबोर्ड तसाच बसवला. सगळे काटे बरोबर बसले.

जवाईबापू तोंड पुसत बाहेर आले, पाहिलं आणि बायकोला हाक मारून चहा न घेता निघून गेले. पुढे ते यायचे, पण गाडीकडे पाठ करून बसायचे. सासूबाई माझ्याशी महिनाभर तुटक बोलल्या. तुमच्या आजोबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाईट वाटलं ते फक्त उजव्या बाजूचं.

डाव्या बाजूचं लाकूड अजून वडिलांच्या वेळचंच आहे. मधे भोक आहे. उजवीकडे खालची फिकट फळी उघडी पडली आहे. पेट्रोलचा काटा चालतो, वेगाचा चालत नाही.