मुकी गाडी

"डोळे मिट, आन् लाव बरं फोन!"

नवा फोन हातात आला की काका दुकानदाराला आधी ही परीक्षा द्यायला लावत. तो बिचारा डोळे मिटून काचेवर बोट फिरवायचा, भलत्यालाच फोन लागायचा आणि काका खूश. त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नव्हतं. लातूरच्या आमच्या सरकारी कचेरीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. मी शेजारच्या आवक-जावक टेबलावर.

तुम्हाला वाटेल, असा माणूस नव्या यंत्रांना नावं ठेवत असेल. ठेवायचेच. पण बाजारात आलेला प्रत्येक फोन त्यांना हाताळायचा असे. फोनची बटणं गेली तेव्हा चार दिवस चिडचिड केली. पाचव्या दिवसापासून फोन कानाशी धरून, तो बोलून सांगेल ते इतक्या वेगानं ऐकू लागले की मला एक अक्षर कळेना.

"मराठी लई वंगाळ वाचतंय," म्हणायचे, "पण वाचून तर राहिलंय!"

गाड्यांचंही तसंच. कुणी नवी गाडी घेतली की बोनेटपासून डिकीपर्यंत हात फिरवून येणार. "बटणं काढून समोर नुसती काच बसवली. चालवणाऱ्यानं रस्ता बघावा का काच?"

मग साहेबांना विजेवरची गाडी मिळाली. एका सकाळी आवारात ती मागं येताना काकांना कळलीच नाही. पडले, मनगट मोडलं. ड्रायव्हर रडकुंडीला आला.

"रडू नको," काका म्हणाले. "आधी सांग, हिचा आवाज का न्हाई?"

प्लास्टर घालून दुसऱ्याच दिवशी हजर. फोनशी बोलून बोलून त्यांनी गाडीच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. शेवटी उत्तर आलं: हळू चालताना आवाज करायची सोय गाडीत आहे, बटणानं ती बंद करता येते.

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "साहेबांला कटकट व्हायली होती, म्हणून मीच बंद केलो."

काका थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मी हात धरायला गेले, धरू दिला नाही.

"साहेब, गाडी झकास हाय. तुम्ही तिला मुकी करून ठेवली. माझं जाऊ द्या. इथं रोज म्हातारी माणसं येतेत, लेकरं येतेत."

साहेब खुर्चीतून उठले. मग "चुकलं माझं," म्हणाले आणि स्वतः खाली जाऊन त्यांनी ते बटण चालू केलं.

आता कचेरीतलं टेलिफोन एक्स्चेंज बंद झालंय, त्या खोलीत फायली भरल्यात. काका हदगावला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. मला आठवतो तो त्यांच्या निवृत्तीचा दिवस. साहेबांनी त्याच गाडीतून त्यांना घरी पाठवलं, सोबत मी होते. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर काका ड्रायव्हरला म्हणाले, "चौकापर्यंत जाऊन ये."

गाडी गुणगुणत निघाली. पुढं वेग घेतला आणि गुणगुण थांबली.

"इथं बंद झाली! ह्यावर लिहावं लागंल."

"काका, आता तरी आराम करा."

"थांब, ताई." त्यांनी मान तिरपी केली. "टायर वाजायलेत. मग चालतंय."

तरी ते हलले नाहीत. भर उन्हात, काठी छातीशी धरून, गाडी परत येईपर्यंत कान देऊन उभे राहिले.