काळ्या पिशवीतले हात

…तर रीळ पुढे ओढायचा तो खटका काही केल्या हलेना. आमचा मेव्हणा जुने कॅमेरे दुरुस्त करायचा, पण मुलखाचा भित्रा. कॅमेरा घेऊन आलेल्या बाईंनी सांगितलं, की आतल्या रिळात त्यांच्या आईचे शेवटचे फोटो आहेत. झालं! मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं. उजेड लागला की फोटो गेलेच, म्हणून त्याने कॅमेरा काळ्या पिशवीत घातला, पिशवीच्या बाह्यांतून हात आत सारले आणि चाचपत झाकण उघडलं. बोटांना कळलं, रीळ फाटून दात्यांच्या चाकात अडकलंय. घाम नाकावरून ओघळू लागला. पुसणार कसा? हात तर आत! मी रुमाल घेऊन पुढे झालो, तर ओरडला, "दाजी, लांब राहा, मी दचकेन!"

श्वास रोखून त्याने रीळ सोडवलं, आतल्याआत डबीत बंद केलं आणि मगच हात बाहेर काढले. मग कुठे नाकावरचा घाम पुसला. बाईंसोबत आलेले त्यांचे यजमान हसले, "एवढे घाबरता, मग हा धंदा कशाला? मी तर तो खटका दोन्ही अंगठ्यांनी रेटून पाहिला!"

मेव्हणा म्हणाला, "साहेब, तुम्हीही जरा घाबरला असतात, तर रीळ फाटलंच नसतं."