जयवंताबाईच्या मागच्या खोलीतली अमानत

खरं सांगा, बदली झाली, सामान बांधलं, टेम्पो दारात लागला, तेव्हा कोपऱ्यातली ती हिरवीगार कुंडी तुम्ही कुणाच्या घरी टाकून आलात? 'आठ दिवसांत नेतो' म्हणाला होतात. त्याला आता किती वर्षं झाली?

आमच्या बोथ गावाला नोकरी करून गेला असाल, तर घर कोणतं ते मीच सांगतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत टिनाच्या पडवीचं एक घर आहे. जयवंताबाईचं.

जयवंताबाई साठीला टेकली आहे. नवरा अमृतराव वांग्या-मिरचीची रोपं तयार करून बाजारात विकतो. ती रोपं उपटायची, ओल्या बारदानात गुंडाळायची, यातच बाईचे हात झिजले. शोभेचं झाड तिनं जन्मात विकत घेतलं नाही. "ज्याले ना फळ, ना भाजी, त्याचं काय लोणचं घालू?" असं म्हणायची. आणि महिन्यापूर्वीपर्यंत तिच्या मागच्या खोलीत चौदा कुंड्या होत्या. त्यातली एकही तिची नव्हती.

सुरुवात केली एका बँकवाल्या मॅडमनं. बाई समुद्राकडची, येताना तिकडूनच सुपाएवढ्या पानांचं झाड घेऊन आली. आपल्याकडच्या मे महिन्यात स्लॅबच्या खोलीत त्या पानांचा पापड व्हायला लागला. सुट्टीवर जाताना मॅडम रोपवाल्या अमृतरावच्या दारात कुंडी घेऊन उभी. "आंटी, दस दिन रख लो ना." मागची खोली जुनी, मातीची, भिंती हातभर जाड. मे महिन्यात गार, डिसेंबरात ऊबदार. झाड तिथं जगलं, वर एक नवीन पानही काढलं. मॅडमनं सगळ्या बँकेत सांगितलं. पुढच्या मे महिन्यात तीन कुंड्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. मॅडम गेली, झाड राहिलं.

मग सत्कारांची नवी तऱ्हा निघाली. शाल नको, हार नको, पाहुण्याच्या हातात कुंडी द्यायची. फोटो निघेपर्यंत सगळे हसतात. नंतर कुंडी कुणाच्या घरी मरते ते कोण बघतो? आपल्याकडे उन्हाळा भाजतो आणि हिवाळा गारठवतो. पावसाच्या जंगलातलं झाड दोन्हीत टिकत नाही. ज्याला त्याला जयवंताबाईचं दार ठाऊक. मीही त्यातलाच. लोकांच्या पेन्शनच्या अर्जांसाठी भांडलो म्हणून मला एक हिरवी-पांढरी पानांची कुंडी मिळाली. तो सत्कार मला आवडला होता, खोटं का बोलू. पण माझी खोली टिनाची. दोन वर्षांपूर्वी मी ती कुंडी या घरी ठेवली आणि चळवळीच्या नावाखाली विसरलो.

झाडांची नावं बाईला येत नाहीत. ज्याची कुंडी, त्याचं नाव झाडाला. "बँकवालीले आज पानी नाई." "शेतीवाल्या साहेबाले कीड लागली, पानाच्या खालून पाह्य." "कुलदीप सर खिडकीकडं वाकून राह्यले, त्यायले फिरवा." अमृतराव एकदा बाजारात म्हणाला, "माह्या घरात अख्खी कचेरी झोपते, अन् मी पडवीत." लोक हसले. तो हसला नव्हता.

पण तिची पद्धत बघण्यासारखी. बोअरचं पाणी थेट घालत नाही. त्या पाण्यानं पानांची टोकं जळतात, हे तिनं कुणाला न विचारता ओळखलं. नांदेत दिवसभर निवळू देते. कुंडीवर बोटाच्या गाठीनं टकटक करते. आवाज पोकळ आला तर पाणी, दबका आला तर नाही. आठवड्यातून एकदा जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते, वरून आणि खालून. चौदा कुंड्यांना सकाळ जायची. तिचे गुडघे गेलेत. खाली बसली की उठताना भिंत धरते. या लोकांपैकी कुणी तिच्याकडून एक रोप विकत घेतलं नव्हतं, एक आभाराचा फोन केला नव्हता.

या डिसेंबरात घरात वेगळीच गोष्ट आली. मुलगी रंजीता, किनवटला दिलेली, पहिलं बाळंतपण. येत्या सोमवारी ती तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी येते आहे. बाळंतीण आणि लेकरू सव्वा महिना राहणार कुठे? घरात ऊबदार खोली एकच. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दार बंद. त्या धुरात ही झाडं दोन दिवस टिकायची नाहीत. आणि झाडं राहिली तर ओल राहते, बश्यांत पाणी साचतं, डास होतात. नर्स सुनयना सिस्टर स्पष्ट म्हणाली, "जयवंताबाई, तान्ह्या लेकराजवळ एक कुंडी चालायची नाही मला." नुसतं बोलून थांबली नाही. स्वतःची कुंडी होती, ती स्कूटीवर पायाशी ठेवून त्याच दिवशी घेऊन गेली. त्या घरातून कुणी मागे न लागता आपली कुंडी उचलणारी ती एकटीच.

मग बाईनं मला बोलावलं.

"जीवन, तुह्याजवळ समद्यायचे नंबर असतीन. फोन लाव. म्हन, आपापलं झाड घेऊन जा."

"टाकून द्या ना काकू," मी म्हणालो. "फुकट सांभाळता आणि वर विनंत्या?"

"टाकू? माही असती तं टाकली असती. लोकायची अमानत हाय. अन् ऐक, पयले तुही उचल."

मी खाली बघितलं. माझी कुंडी तिथंच, दारामागे, धुतल्यासारखी स्वच्छ. काखेत घेतली आणि मग फोन काढला. नंबर मी लावायचो, स्पीकर चालू करून फोन बाईच्या हातात द्यायचो.

निम्मे नंबर बंद. बँकवाली मॅडम आता हैदराबादला. "अरे, वो अभी तक ज़िंदा है? रख लो आंटी, गिफ्ट समझो." शेतीखात्यातले साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. कुलदीप सर तर आपले, मराठी शाळेतले. ते म्हणाले, "काकू, आता क्वार्टर लहान आहे हो. द्या टाकून."

माझं डोकं गेलं. मी फोन ओढला आणि म्हणालो, सर, वर्गात पोरांना 'झाडे लावा' शिकवता ना? तीन वर्षं तुमचं झाड ही म्हातारी पुसते आहे, आणि तुम्ही... पुढचं इथं लिहीत नाही. बाईनं माझ्या हातातून फोन काढून बंद केला.

"भांडू नको रे बाप्पा. भांडून कोनी झाड न्यायले येते काय?"

"मग काय करायचं?"

"थकली मी," ती म्हणाली. बस, एवढंच. मी वीस वर्षं ऑफिसांच्या दारात ओरडतो आहे. त्या दोन शब्दांवर मी फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी अमृतरावनं आपला मार्ग काढला. बाई नळावर असताना तीन कुंड्या उचलून अंगणात ठेवल्या. रात्री थंडी पडलीच. सकाळी मी चहाला गेलो तर दोन झाडांची पानं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोंबत होती. एक बँकवालीचं, एक कुण्या बदलून गेलेल्या इंजिनियरचं. बाई विळ्यानं मेलेली पानं कापत होती, पण दोन्ही झाडं गेलीच.

"चूक झाली," अमृतराव हळू म्हणाला. "मले वाटलं, एका राती काय होते."

"तुमाले मिरचीचं रोप एका राती मरते ते समजते, हे नाई समजत?"

"माह्या पोरीले जागा पायजे का नाई, सांग!"

"पायजे. म्हनूनच तं रडून नाई राह्यली."

नवरा-बायको दोघंही खरे होते. राग काढायला समोर कुणीच नव्हतं. ज्यांच्यावर काढायचा ते हैदराबादला, निर्मल गावाला, कुठं कुठं नव्या क्वार्टरात, कदाचित नव्या कुंडीला पाणी घालत बसलेले.

आता खोली रिकामी केली आहे. बाईनं शेणानं सारवली, बाज टाकली, उन्हात गोधड्या वाळवल्या. उरलेल्या दहा कुंड्या पडवीत आहेत. संध्याकाळी एकेकीला जुनं लुगडं आणि वरून बारदान गुंडाळते, सकाळी ऊन आलं की सोडते. पानं पिवळी पडायला लागली आहेत, पण उभी आहेत. हे ती सोमवारपर्यंत करील. त्यानंतर तिच्याकडे बाळंतिणीचं पाणी, शेगडी, लेकराचे लंगोट. दहा कुंड्या गुंडाळायला हात नाही उरणार. तरी ती गुंडाळायला जाईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी हे लिहितो आहे. आणि या वयात त्या गुडघ्यांवर आणखी भार नको.

तुमची कुंडी तिथं असेल, किंवा तुमच्या भावाची, साहेबाची, मास्तरची असेल, तर रविवारी दिवसा या. बाई चहा करील, तो नको म्हणा. झाड उंच असेल तर सोबत माणूस आणा, वाटेत वारा लागू नये म्हणून चादर आणा. आणि नेणारच नसाल, तर निदान तिच्या समोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं तिला सांगा की हे झाड आता माझं नाही, तुम्ही मोकळ्या आहात.