कार्डिफच्या अस्थी

हीथ्रोवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत लाल फडक्यात बांधलेला नवा तांब्या होता. १९८८ चा फेब्रुवारी. थोरला भाऊ कार्डिफच्या इस्पितळात डॉक्टर होता. तो गेला, आणि मला व्हिसा मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलंही होतं. आता निदान अस्थी तरी सांगलीला आणून कृष्णेत सोडायच्या होत्या.

कार्डिफ स्टेशनवर भावाची एकुलती एक मुलगी नंदा आली होती. ती केंब्रिजला आदिमानवांच्या हाडांवर संशोधन करते. स्टेशनवरून थेट क्रिमेटोरियमच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थाने प्लास्टिकची बरणी पुढे ठेवली. उघडली, तर आत राखाडी पूड. हाडं यंत्रात दळून देतात, असं त्याने फार मऊ आवाजात सांगितलं. मी भडकलो. आपल्याकडे हाडं हाताने वेचतात, दळत नाहीत. पण भांडणार कोणाशी?

दुसऱ्या दिवशी नंदाने मला समुद्रकाठची एक गुहा दाखवायला नेलं. वाटेत लेव्हरब्रेड (शिजवलेल्या समुद्रशेवाळाचा काळा लगदा) खाल्ला, तो घशाखाली उतरेना. पुढे निसरड्या खडकावर आपटलो, गुडघा फुटला. गुहेत शिरलो तरी वारा झोडपतच होता. वेल्समधल्या अशाच एका गुहेत निअँडरथल माणसांचे दात सापडलेत, नंदा म्हणाली.

ती माणसं संपली कशाने, असं मी उगाच विचारलं.

"नक्की कुणालाच माहिती नाही, काका. थंडी, डिसीज, आपल्यासारखे लोक आले ते. नाहीतर मोठं काहीच झालं नसेल. ग्रुप्स छोटे होते, लांब लांब. दर पिढीत मुलं थोडी कमी."

मला मूलबाळ नाही. नंदाने लग्न करणार नाही म्हणून केव्हाच सांगून टाकलंय. आमच्या घरात आता आम्ही दोघंच.

"मेलेल्यांना पुरायचे ते?"

"काही ठिकाणी, बहुतेक."

"मग शेवटच्याला कोणी पुरलं?"

"त्याचा एव्हिडन्स नसतो, काका."

मला एकदम भीती वाटली. थोरल्यासाठी मी आलो होतो. माझ्यासाठी कोण येणार होतं?

निघायच्या सकाळी नंदाने बरणी वर्तमानपत्रावर रिकामी केली आणि पूड बोटांनी चाळत बसली. बऱ्याच वेळाने यंत्रातून सुटलेला, तांदळाएवढा एक कण तिने वेचला आणि तांब्यात टाकला. मग बाकीची पूड भरली.

"हाड आहे. बाबांचं," ती म्हणाली. "तुमच्या वेळी मला फोन करायला सांगा. मी येणार. मला येतं हे."

अस्थी कृष्णेत सोडल्या. तांब्या घासून फडताळात ठेवलाय, आत नंदाच्या नंबरची चिठ्ठी आहे. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलंय. तिला पोचायला दोन दिवस लागतील. हाडं तिसऱ्या दिवशीच वेचायची असतात.